फुलांचं घंगाळ

माणिकरावांनी तेहेतीस वर्षं पूर्णा स्टेशनावर पंप चालवला. नदीचं पाणी टाकीत, टाकीतलं फलाटावर, फलाटावरून डब्यांत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या सेवेवर वीस मिनिटं भाषण केलं. शेवटी साहेबांना ठसका लागला तेव्हा नळाला पाणी नव्हतं, कारण माणिकराव खुर्चीवर हार घालून बसलेले होते.

असा माणूस पहाटे पाच वाजता हैदराबादच्या एका देखण्या हॉटेलात बादली मागत उभा होता.

निमित्त पत्नीच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं. चांगुणाबाईंना सात वाजता दवाखान्यात हजर व्हायचं होतं, आणि तेही डोक्यावरून न्हाऊन. पुढे पंधरा दिवस केसांना पाणी लागणार नव्हतं. मात्र महिन्यापूर्वी ऑपरेशन झालेल्या पहिल्या डोळ्यात थेंबही जाता कामा नव्हता. मान मागे टाकून बसायचं आणि कुणीतरी बेताने पाणी घालायचं. घरी यात अवघड असं काहीच नव्हतं.

हॉटेल मुलीने, अर्पिताने, पुण्यात बसून ठरवलेलं. कुठल्याशा जहागीरदाराची हवेली, नव्याने दुरुस्त केलेली, दवाखान्यासमोरच. दुरुस्तीत जुनं ते सगळं राखलं होतं, फक्त वापरण्यासारखं काही राखलं नव्हतं. दिवाणखान्यातलं घड्याळ सव्वादहावर थांबलेलं, टेलिफोनला तार नाही. न्हाणीघरात चार पायांचा पांढरा टब. त्यात चढायला चांगुणाबाईंचा गुडघा तयार नव्हता. छताला ताटाएवढा शॉवर, त्याचं पाणी सरळ तोंडावर.

"ह्या डोळ्यात पाणी गेलं तर दोन्ही गेले बघा," चांगुणाबाई म्हणाल्या. "तेहेतीस वर्षं पंप चालवला म्हनं. बायकूला एक बादली मिळंना."

माणिकराव तणतणत खाली आले. मॅनेजर टाय लावून हसतमुख उभा होता.

"बाल्टी नै रखते साब. हेरिटेज प्रॉपर्टी है."

"हवेली कितनी पुरानी?"

"डेढ सौ साल, साब."

"तो जागीरदार नहाता किसमें था?"

मॅनेजरने प्रामाणिकपणे विचार केला. "वो रेकॉर्ड में नै है, साब. स्पा दस बजे खुलता."

माणिकरावांनी कपाळाला हात लावला आणि ते वळले. समोर, नक्षीच्या चौरंगावर, दोन कड्यांचं लख्ख तांब्याचं घंगाळ. जहागीरदार नहायचा तो ह्यात. आता त्यात पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि शेवंती तरंगत होती. शेजारी पाटी: हात लावू नये. माणिकरावांनी ती नीट वाचली. अशा पाट्या प्रवाशांसाठी असतात, कर्मचाऱ्यांसाठी नसतात, हे रेल्वेत मुरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी दोन्ही कड्या धरल्या आणि ते जिना चढू लागले. मॅनेजर "साब, साब" करत निम्म्या जिन्यापर्यंत आला, मग वरिष्ठांना विचारायला परत गेला.

"आवं, हे कुठनं उचललंव? आन् फुलं कुठं टाकायलात?"

"टबात. त्याला तरी काय काम हाय दुसरं?"

टबाच्या नळाने घंगाळ भरलं. पाणी घालायला तांब्या नव्हता, म्हणून खोलीतली चहाची चिनी मातीची किटली घेतली; तिच्या तोटीतून धार हवी तिथेच पडत होती. चांगुणाबाई स्टुलावर मान मागे टाकून बसल्या. डोळ्यात थेंब गेला नाही. साडेसहाला घंगाळ पुसून चौरंगावर परत आलं होतं, रिकामं.

"साब, फूलां कां हैं?"

"ऊपर. टब में."

मॅनेजर धावत वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही.

ऑपरेशन ठीक झालं. पंधरवड्याने अर्पिताने त्याच हॉटेलची जाहिरात फोनवर पाठवली: पांढरा टब, काठोकाठ पाकळ्या, खाली 'जहागीरदारी शाही स्नान'. माणिकराव भयंकर वैतागले. चांगुणाबाईंनी पहिल्या डोळ्यावर हात ठेवला आणि नव्या डोळ्याने फोटो निरखला.

"त्या कोपऱ्यात बघा," त्या म्हणाल्या. "किटली जाग्यावर ठिवली न्हाई तुमी."