सोपानचा गुरुवार

"कॉलर जरा खाली करा," मी म्हटलं. सोपानने केली. मानेच्या डाव्या बाजूला निळ्या रेघांचा एक चौकोन होता. मी तो बघितला आणि त्याला उजेडाकडे वळवून पुन्हा बघितला.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी नर्स होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गेटजवळच्या दोन खोल्या हा आमचा दवाखाना. बोट कापलं, डोळ्यात लोखंडाचा कण गेला, की माणसं "सिस्टर, बघा जरा" म्हणत यायची. सोपान मशीन शॉपमधला फिटर, राहायला चिखलीला. त्याला कॅन्सर झालाय हे झाडूवाल्यापासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दर गुरुवारी तो मुंबईला लाईट घ्यायला जायचा. लाईट म्हणजे किरणांचा उपचार. किरण नेमके कुठे सोडायचे ते कळावं म्हणून डॉक्टर कातडीवर रंगाने खुणा करतात. त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून पेशंटला तिथे पाणीही लावू देत नाहीत.

अशा खुणा मी आधीच्या नोकरीत, हॉस्पिटलात, रोज बघितल्या होत्या. जांभळ्या, घामाने फिसकटलेल्या, वाकड्यातिकड्या. डॉक्टर घाईत असतो आणि पेशंट हलत असतो, दुसरं काय होणार? सोपानचा चौकोन मात्र पट्टी लावून काढलेला होता. चारी कोपरे काटकोनात, बरोबर मधे एक ठिपका. लोखंडाला भोक पाडायच्या आधी फिटर असंच मार्किंग करतात. या माणसाने स्वतःच्या मानेवर भोक पाडायची जागा आखून ठेवली आहे, असं मला वाटून गेलं.

"दुखतं का?"

"रातीला लय ठणकतं, सिस्टर." आवाज घोगरा होता. गालफडं खरोखरच बसली होती.

"लाईट गुरुवारीच देतात?"

"व्हय. गुरुवारीच."

तिथे तो अडकला. लाईट रोज घ्यावी लागते, सलग कित्येक आठवडे. पण आमच्या पट्ट्यात विजेचा भार विभागावा म्हणून कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असे. सोपानने आपला आजार सुट्टीच्या दिवशी बसवला होता. रजा नको, सर्टिफिकेट नको, कुणाची सही नको. मुंबईच्या डॉक्टरांना आमच्या गुरुवारचं काय कौतुक? अशी चूक आमच्या पट्ट्यातला माणूसच करू जाणे.

तरी मी लगेच तोंड उघडलं नाही. आमच्याकडे एक रीत होती. कुणी मोठ्या आजाराने अंथरूण धरलं की पगाराच्या दिवशी दोन कामगार गेटवर पंचा धरून उभे राहायचे. जाणारा-येणारा त्यात काय जमेल ते टाकायचा. आत बघायचं नाही, मोजायचं नाही. पंच्याची गाठ मारायची आणि तशीच नेऊन आजाऱ्याच्या बायकोच्या पदरात घालायची. दिलेलं परत घ्यायचं नाही. कित्येक महिने तो पंचा सोपानसाठी धरला जात होता. माझा तर्क चुकला असता, तर मरणाऱ्या माणसाला मी खोटारडा ठरवलं असतं. आणि बरोबर निघाला असता, तर पुढच्या आजाऱ्याचं काय, हा प्रश्न होताच.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने मी मुंबईला गेले.

तो घरी झोपला असेल, नाहीतर कुठे पत्ते खेळत बसला असेल, असं मला वाटत होतं. सोपान हॉस्पिटलातच होता. कॅन्सरच्या ओपीडीत, भिंतीकडेच्या बाकावर. नावं पुकारली जात होती, माणसं उठून आत जात होती, शेजारी नवी येऊन बसत होती. सोपानचं नाव कुणी पुकारत नव्हतं. बाजूचा म्हातारा खोकला, की थोड्या वेळाने सोपान खोकायचा. अगदी तसाच. समोरच्या बाईने मान कलती केली, की याची मान कलायची. आपण असं करतोय हे त्याला कळत नसावं. वॉर्डबॉय जाताना त्याला म्हणाला, "काका, आज बरं आहे का?" मी जिन्याशी उभी होते. तिथूनच हे सगळं बघत होते.

शेवटी जाऊन शेजारी बसले. तो दचकला नाही.

"आलात व्हय," एवढंच म्हणाला.

"काय चाललंय हे, सोपान?"

"पयल्यांदा खरी गाठ व्हती, सिस्टर. हितल्या डॉक्टरनं तपासली. साधी हाय म्हणला, जाईल. मी खुशीत घरी गेलो, तर कॅन्सरच हाय असं धरून पंचा माझ्या आधी पोचलेला. बायकोच्या पदरात पैसं, दारात समदी आळी. मला बघून रडाया लागली. त्यास्नी काय सांगू?"

"खरं सांगायचं."

"उद्या सांगू म्हणलं. दुसऱ्या दिशी शॉपमधी फोरमननं इचारलं, जेवलास का रं? इतकी वर्सं हाय मी तिथं. कुणी इचारलं न्हवतं."

"आणि गाठ?"

"गेली. पन आता रातीला खरंच ठणकतंय."

मी त्याच्या मानेला हात लावला. गाठ नाही, सूज नाही, ताप नाही. तरी तो कळवळला आणि त्याने मान काढून घेतली. ते सोंग नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तितकीच कीवही येत होती.

"येत्या पगाराला गेटवर तुम्ही स्वतः सांगायचं," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन."

पगाराच्या दिवशी पंचा धरला गेला. सोपान त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मला कायबी झालेलं न्हाई," तो म्हणाला. "कवाच झालं न्हवतं. टाकू नका पैसं."

कुणाचा विश्वास बसला नाही. "कॅन्सर डोक्यात गेला बिचाऱ्याच्या," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. एकाने त्याला बाजूला बसवलं, दुसऱ्याने पाणी आणलं. सोपान हात जोडून "अरं, खरं सांगतुया" म्हणत होता, आणि माणसं डोळे पुसत पंच्यात नेहमीपेक्षा जास्त टाकत होती. शेवटी मला पुढे व्हावं लागलं. "तो खरं बोलतोय," मी म्हटलं. "मी तपासलंय त्याला."

मग मात्र कुणी पैसे टाकायला पुढे आलं नाही. पंचा धरणाऱ्यांनी तो तसाच जमिनीवर ठेवला आणि सगळे निघून गेले. कुणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. त्यापेक्षा चार ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेल मॅनेजरनी मला बोलावलं. "काढून टाकतो त्याला."

"काढू नका. काढलात तर तो त्या बाकावर जाऊन कायमचा बसेल."

"मग काय, पेढे वाटू?"

"पगारातून कापा. लोक परत घेणार नाहीत, तेव्हा ते आजाऱ्यांसाठी बाजूला ठेवा."

ते कुरकुरले, पण त्यांनी तसं केलं. पैशाची भरपाई होत राहिली. पंचा मात्र आमच्या गेटवर पुन्हा धरला गेला नाही.

वर्षभराने पेंट शॉपमधला इस्माईल डोकेदुखीची गोळी मागायला आला. उन्हाळ्यात गळ्याला मफलर बघून मी तो सोडायला लावला. आत लिंबाएवढी गाठ होती, दगडासारखी.

"किती दिवस लपवलीत ही?"

"दाखवली असती तर लोक म्हणाले असते, दुसरा सोपान निघाला," तो म्हणाला.

मुंबईला न्यायला सोबत हवी होती. त्याची बायको शकिला कधी पुण्याच्या पुढे गेली नव्हती. मी चारपाच जणांना विचारलं. सगळ्यांना अचानक कामं निघाली. संध्याकाळी सोपान दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. "मला तिथलं समदं ठावं हाय," तो म्हणाला. मी नाही म्हणणार होते. बाकावर बसलेली शकिला म्हणाली, "जाऊ द्या त्यालाच. निदान कुठल्या खिडकीला उभं राहायचं ते तरी त्याला माहीत हाय."

सोपानने बिनपगारी रजा टाकली आणि त्या दोघांना घेऊन गेला. पुढचं मला शकिलाने सांगितलं. ओपीडीत पाऊल ठेवताच वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन सोपानकडे धावला. "बसा काका. लई खराब झालात." मग इस्माईलकडे वळून म्हणाला, "तुम्ही सोबतवाले ना? बाहेर थांबा." सोपानने इस्माईलला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

इस्माईलची लाईट रोज होती. सोपान शेवटपर्यंत तिथेच, धर्मशाळेत, त्यांच्याजवळ राहिला. इस्माईल वाचला नाही. परत आल्यावर सोपान आधी माझ्याकडे आला. "डॉक्टर म्हणला, जरा आधी आणायला पायजे व्हतं," एवढं सांगून तो शॉपमध्ये गेला.

पैसे फिटले तेव्हा पर्सोनेल मॅनेजरनी मला विचारलं, "सिस्टर, त्या सोपानची शिक्षा संपली म्हणायची ना?"

"तुमच्याकडची संपली," मी म्हटलं.