लॉकरमध्ये राहिलेली साडी

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. आमच्या भागात तिच्याबद्दल आजही जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि खरं काय ते मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसतो न बसतो तोच नाना आत आले. हे त्यांचं खरं नाव नव्हे. बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष, शांतता समितीच्या बैठकीला न चुकता हजर. आमची चांगली ऊठबस होती.

"साहेब, आमच्या चिरंजीवांनी आईला मुंबईत टाकून दिलं," ते म्हणाले. "जिवंत आहे की नाही, देव जाणे."

हकीगत अशी. मुलाने सुट्टीत कॅरव्हॅन भाड्याने घेतली होती. झोपायला पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, संडास, सगळं गाडीतच. नाना, वहिनी, मुलगा, सून आणि नात असे सगळे मुंबईच्या एका मोठ्या थीम पार्कला गेले. तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. नातीला पाण्यात खेळायचं होतं, म्हणून वहिनी सुनेबरोबर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेल्या. नाना समोरच्याच बाकावर बसून होते. सून बाहेर आली, वहिनी आल्याच नाहीत. बेपत्ता झाल्याची नोंद तिथल्या ठाण्यात झाली होती. कुटुंब आमच्या हद्दीतलं, म्हणून पुढची चौकशी आमच्याकडे आली.

तिथल्या अधिकाऱ्याला मी फोन लावला. तो म्हणाला, "सर, त्या खोलीतला त्यांचा लॉकर उघडला. आत हिरवी साडी आहे, घडी घातलेली. तिच्यावर मंगळसूत्र आणि बांगड्या."

नोकरीत मी पुष्कळ पाहिलं होतं, पण घडीवर काढून ठेवलेल्या मंगळसूत्राबद्दल कधी ऐकलं नव्हतं. बाई जिवंत नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं. वहिनींच्या हातचे पोहे मी कितीतरी वेळा खाल्ले होते.

मुलाला बोलावून घेतलं. ज्याचं माणूस हरवलं आहे तो ठाण्यात पाय टाकताच विचारतो, "साहेब, काही कळलं का?" याने विचारलं नाही. जो विचारत नाही त्याला माहीत असतं. माझा हा आडाखा बरोबर होता. त्यावरून मी जे काढलं ते चूक होतं.

"आईचं काय केलंस?"

"काही नाही."

"घर तिच्या नावावर आहे ना?"

"नाही. बाबांच्या."

मी त्याच्या कानशिलात वाजवली. तो हलला नाही. म्हणाला, "मारा साहेब. आमच्या घरात सवय आहे."

मला तो उद्धटपणा वाटला, म्हणून आणखी एक दिली. ठाण्याबाहेर वार्ताहर उभा होता. दुसऱ्या दिवशी आईला सोडून आलेल्या मुलाची बातमी छापून आली. सोसायटीत त्याच्याशी कोणी बोलेना. नातीला खेळायला घेणंही बंद झालं.

मग पार्कच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आलं. तिथल्या लोकांनी त्यात हिरवी साडी शोधली होती. मीही तेच करत होतो. बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या, साडी कुठेच नाही. पुन्हा लावलं. पंजाबी ड्रेस, डोक्यावर टोपी, डोळ्यांना गॉगल अशी एक बाई दारातून बाहेर आली. चार पावलं चालली आणि तिचा हात खांद्याकडे गेला. पदर पुढे ओढून घ्यायला जातो तसा. तिथे पदर नव्हता. हात तसाच खाली आला आणि ती गर्दीत मिसळली. त्याच चित्रात बाकावर नाना दिसत होते. ती त्यांच्या पुढून गेली. ते दाराकडे डोळे लावून साडीची वाट बघत होते.

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बाई जिवंत होती. आपल्या पायांनी चालत गेली होती.

ते चित्र थांबवून मुलाला दाखवलं. इतके दिवस न रडलेला तो माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला. "साहेब, बाबांना सांगू नका. पाया पडतो."

मग तो बोलू लागला, आणि मी ऐकत गेलो.

"बाबा आईला एकटीला कुठेच सोडत नाहीत. माहेरीसुद्धा नाही. बाहेर जाताना बाहेरून कुलूप. भाजीत मीठ जास्त झालं तरी मारतात. तिला घराबाहेर काढायचं तर बाबांना बरोबर घेऊनच काढावं लागणार होतं. म्हणाले, हॉटेलच्या गादीवर झोपणार नाही. म्हणून पलंग असलेली गाडी. म्हणाले, बाहेरचं खाणार नाही. म्हणून शेगडी असलेली गाडी. मग स्वतःच म्हणाले, स्वयंपाकाला ही लागेल."

"आणि पार्क कशाला? देवदर्शनाला न्यायचं."

"देवळात ते तिच्या शेजारीच उभे राहतात, साहेब. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत त्यांना जाता येत नाही."

मी विचारलं, "अरे, मग तक्रार का नाही दिलीस?"

"द्यायला आलो होतो. तुमच्या केबिनमध्ये बाबा बसले होते. तुम्ही दोघं चहा घेत होता."

वहिनी जिल्ह्यातल्याच हरसूल गावी होत्या, शाळेतल्या मैत्रिणीकडे, हे त्यानेच सांगितलं. मैत्रीण विधवा, आठवडे बाजारात सुकी मासळी विकायची. खातरजमा करायला मी गेलो, साध्या कपड्यांत, महिला पोलीस बरोबर घेऊन. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मला पाहताच त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

"ते आलेत बरोबर?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही वहिनी. आम्ही दोघंच."

त्यांनी जबाब दिला. स्वखुशीने आले, परत जायचं नाही, पत्ता कोणाला देऊ नये. खाली सही केली. सज्ञान व्यक्तीने असं लिहून दिलं की तक्रारदाराला 'सुखरूप आहेत' एवढंच कळवायचं असतं. नियम मला पाठ होता. निघताना मैत्रीण म्हणाली, "साहेब, लय भ्यालेली हाय ती. सांगू नका बरं कुनाला."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी नानांना पत्ता सांगितला. या वयात संसार मोडू नये, असं वाटलं. मित्राने समजूत घातली की माणूस सुधारतो, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर, पदराकडे गेलेला तो हात मी कसा हेरला, हे कोणाला तरी सांगायची मला घाई झाली होती. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मानलं साहेब तुम्हाला," म्हणाले. मी त्यांना चार गोष्टी सुनावल्या. त्यांनी मान डोलावली.

सकाळी ते वहिनींना घेऊन ठाण्यात आले. वहिनींच्या अंगावर तीच हिरवी साडी होती. पंचनामा करून ती आम्हीच नानांच्या ताब्यात दिली होती. वहिनींना एकटीला आत घेऊन मी विचारायला हवं होतं. वार्ताहर फोटोसाठी थांबला होता. मी मध्ये उभा राहिलो, फोटो निघाला. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मुलाला त्या घराचं दार कायमचं बंद झालं.

वहिनी त्यानंतर फार जगल्या नाहीत. आजाराने गेल्या, असं नाना म्हणाले. कसला आजार, हे मी विचारलं नाही. तेव्हाही मी खुर्चीत होतो आणि विचारणं माझं काम होतं.

निवृत्तीनंतर एकदा हरसूलला गेलो. मैत्रिणीने ओळखलं.

"आता कुनाला हुडकाया आलात, साहेब?"

तिने बसा म्हटलं नाही. आपली टोपली आवरत बोलत राहिली. "इथं व्हती तवर दुपारची दार सताड उघडं टाकून निजायची. मी म्हनायची, अगं, कुत्रं शिरंल. म्हनायची, शिरू दे."

पोलिसाला माणूस शोधायला शिकवतात, आणि मला ते चांगलं येत होतं. पण शोध कोणासाठी चालला आहे, हे तक्रारदाराच्या कपड्यांवरून आणि त्याच्या बोलण्यावरून मी ठरवलं. घडी घातलेल्या साडीवर मंगळसूत्र आहे म्हटल्यावर मला खून सुचला. बाईने ते स्वतःच्या हाताने काढून ठेवलं असेल, हे सुचलं नाही. आज नवे अधिकारी भेटायला येतात तेव्हा एकच सांगतो. हरवलेलं माणूस सापडलं की घरी फोन लावायच्या आधी त्याला एकट्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा, कळवू का? नाही म्हणालं तर तिथेच थांबा. तुमचा मित्र बाहेर बसलेला असला तरी.

त्या मुलाने आईला टाकून दिलं नव्हतं. त्याने तिला सोडवलं होतं. तिला परत नेऊन दिलं ते मी. हे छापून आल्यावर पहिली प्रत त्याला पाठवणार आहे. त्याने ती न वाचता फाडली तरी माझी तक्रार नाही.