मागचा शाफ्ट डिकीत होता

लग्न नवीन होतं तेव्हा मी एक शहाणपणा केला. मामंजींची जीप घेऊन निपाणीहून बेळगावला निघाले. तिच्या गियरशेजारी फोर-व्हीलचा एक छोटा लिव्हर होता, चिखलात अडकलं तरच ओढायचा. मी तो पहिल्यापासूनच ओढून ठेवला. चारही चाकं ओढायला लागल्यावर गाडी जोरात पळणार, असा माझा हिशेब. कोरड्या डांबरावर तवंदी घाटातलं प्रत्येक वळण आलं की जीप आखडायची, टायर रडायचे... घरी पोचल्यावर तोंड पांढरं करून मी सांगितलं, "घाटात कुणीतरी गाडी मागनं धरली होती." सासूबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मामंजींनी मला बाजूला नेऊन तो लिव्हर दाखवला. तरी पुढं कित्येक लग्नकार्यांत मी ती भुताची हकिकत रंगवून सांगतच राहिले.

त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कुणी अनुभव सांगायला लागलं की मी मनात विचारते — बाई, तुझा कुठला लिव्हर ओढलेला राहिला?

आता गेल्या वर्षीचं सांगते.

मी वडगावात एकटी राहते. शेजारी दिवसभर माग खडखडतात, तरी माझ्या गाडीचा आवाज मला त्यातून वेगळा ओळखू येतो. गाडी जुनी, ऑल-व्हील-ड्राइव्ह. पुढची चाकं ओढतात, ती घसरली की मागचीही आपोआप जोर लावतात. लिव्हर नाहीच, म्हणजे माझ्यासारखीच्या सोयीची. कणकुंबीला माझी थोरली बहीण आहे, आक्का. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं आणायचं, परत सोडायचं, ते मीच करते. गाडी गेली तर दोघी आपापल्या घरात भिंतीकडं बघत बसणार.

आणि गाडी मागून आवाज करायला लागली. वेग घेतला की उंऽऽ... पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक आता. तिचे पार्टसुद्धा मिळत नाहीत."

उद्यमबागेत बसू मेकॅनिक आहे, आमचा जुना. त्यानं टायर पुढचे मागं, मागचे पुढं करून बघितले. आवाज जागचा हलला नाही. मग म्हणाला, "मावशी, मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच काढतो. पुढच्या चाकांवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष मागं हाय. आणि मागचं गेलं असंल तर... तिचे पार्ट आता मिळत न्हाईत."

माझे कान टवकारले. मुलाचं वाक्य याच्या तोंडात कुठून आलं? फोनाफोनी झालेली दिसते. मी म्हटलं, "काढ. पण शाफ्ट माझ्याजवळ राहील." पोत्यात घालून, सुतळीनं स्वतः गाठ मारून तो डिकीत ठेवून घेतला. वाकून गाडीखालीही बघितलं. शाफ्टची जागा रिकामी.

आक्काला आणायला निघाले. जांबोटी मागं पडलं तरी आवाज नाही. गाडी एवढी गप्प की मला रडू यायला लागलं; म्हणजे दोष मागंच, आता गाडी विकायला लावणार. मग मी ठरवलं, बसूला सरळ खोटं सांगायचं — आवाज आहे तसाच आहे.

आक्काचं घर रस्त्याच्या खाली. वर यायला लाल मातीचा चढ, सकाळच्या पावसानं नुसता लोण्यासारखा झालेला. भर दुपार. आक्का गाडीत बसेना. "तू वर घे आधी. तुझं चालवणं मला ठाऊक हाय." मी घेतली. चढाच्या मध्यावर पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली. गाडी ना पुढं ना मागं.

आक्का मागून म्हणाली, "ढकलू काय गं?"

"कमरेचा पट्टा सांभाळ तुझा," मी म्हटलं आणि पुन्हा रेस दिली.

तेव्हा मागून तो आवाज आला. उंऽऽ... तोच. म्हैस उठताना आधी मागचं अंग उचलते ना, तशी गाडी मागून उचलल्यासारखी झाली आणि सरळ डांबरावर येऊन उभी राहिली.

आक्का वर आली ती छातीपर्यंत लाल. अंगावर शहापूरची नवी साडी. "माणूस मागं उभं असताना चाकं अशी फिरवतात व्हय?"

"मागची चाकं नुसती गडगडतात, आक्का. त्यांना जोरच न्हाय आता."

"मग हा चिखल काय तुझ्या सासूनं उडवला?"

मी डिकी उघडली. पोतं तिथंच, गाठ माझीच. गाडीखाली वाकले. जागा रिकामी. मग खाली उतरून चढ बघितला. पुढच्या चाकांनी उकरलेले दोन खड्डे होते, आणि त्यांच्या मागं, पुढच्या-मागच्या चाकांत असतं तेवढंच अंतर सोडून, आणखी दोन. नुसतं गडगडणारं चाक खड्डा उकरत नाही, एवढं मलासुद्धा कळतं.

परत येताना गाडी पुन्हा गप्प. तशीच बसूच्या दारात नेली आणि सगळं खरं सांगितलं. तो गाडीखाली सरकला, मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोळ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. म्हणाला, हा एवढा तापतो तो फक्त गाडी ओढताना. मग बाहेर येऊन माझ्याकडं बघत बसला, मी त्याच्याकडं. माझा संशय त्याच्यावर, त्याचा माझ्यावर.

मी खूप शोधलं. या वेळी ओढलेला राहिलेला लिव्हर मला अजून सापडलेला नाही. गाडी दारात आहे, शाफ्ट पोत्यात आहे, आक्काच्या साडीवरचे डाग तसेच आहेत. हात पुसत बसू त्या दिवशी जे बोलला ते न बदलता लिहिते —

"मावशी, वाटेत कुणाकडनं शाफ्ट बसवून घेतला असला तर सांगा, मी रागावणार न्हाय. पण खरंच बसवला नसला, तर पोराला म्हणावं गाडी विकायची न्हाय... आणि माझ्या गॅरेजात परत आणायची पण न्हाय."