डुक्कर आडवं उभं राहत नाही

डुकरांनी शेत उकरलं की मागे दोनच गोष्टी उरतात. खड्डे आणि किस्से. खड्डे आम्ही आठवड्याभरात बुजवतो. किस्से मात्र साचत जातात, आणि कुठं सांगितले की लोक पोट धरून हसतात. हसा! मीसुद्धा हसूनच सांगतो. पण सांगताना माझ्या दाढा आवळलेल्या असतात, हे कोणाला दिसत नाही.

माझं शेत जऊळक्याच्या अलीकडे. भाजीपाला, थोडा भुईमूग. माल वाशीमच्या बाजारात जातो. माझ्या धुऱ्याला लागून गजाननभाऊचा मका, आणि त्याच्या पलीकडे राशीदभाईचा हरभरा. राशीदभाईचं गावात वेल्डिंगचं दुकान आहे. संध्याकाळी आमची बैठक तिथंच. चौथी मेंबर म्हणजे गजाननभाऊची पोरगी पल्लवी. बी.पी.एड. झालेली, धनुर्विद्येत राज्यापर्यंत खेळून आलेली आणि सध्या भरती निघायची वाट पाहत घरी असलेली.

रानडुकरं मारायची परवानगी आम्ही रीतसर काढलेली आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर हे वाचून एखादा लगेच फोन फिरवायचा!

*

सुरुवात साड्यांपासून झाली. कोणीतरी सांगितलं, धुऱ्यावर जुन्या साड्या बांधा, डुक्कर माणूस समजून आत येत नाही. बायकोनं पेटी उपसली आणि साड्या काढून दिल्या. मी शेताला गोल बांधून टाकल्या. लांबून असं वाटायचं की शेतात लग्न आहे!

काही दिवस एक डुक्कर फिरकलं नाही. मी दुकानात छाती काढून सांगितलं, "पाहा, डोकं लावा लागते!"

मग एका सकाळी बघतो तर भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उलट्यापालट्या. शेंग तर सोडाच, मूळ ठेवलं नव्हतं. वर एक साडी गायब. डाळिंबी रंगाची, बायकोच्या माहेरची. ती चुकून त्या गठ्ठ्यात आली होती.

दोघं नवरा-बायको माग काढत नाल्यापर्यंत गेलो. तिथं झुडपाखाली गवत, पाला, काड्या ओढून डुकरिणीनं मस्त घर केलेलं. मध्ये डाळिंबी साडी अंथरलेली. आणि साडीवर रेघारेघांची पिल्लं! आई जवळपासच असणार म्हणून आम्ही लांबूनच बघितलं.

बायको रागानं थरथरत होती. "माह्या मायनं घेतलेली साडी! अन् तिच्यावर हे बाळंत झाली!"

मी म्हटलं, "जाऊ दे, दुसरी घेऊ."

तर ती डुकरिणीवरचा राग सोडून माझ्याकडे वळली. "माह्या टायमाले तरी एवढं मऊ अंथरून केलं होतं का तुमी?"

*

हा किस्सा हसायचा नाही.

आमच्या शिवारात एकानं कुंपणाच्या तारेत करंट सोडला होता. कोणाला सांगितलं नाही, पाटी लावली नाही. सकाळी गजाननभाऊची गाय चरत चरत तिकडे गेली आणि धाडकन पडली. गजाननभाऊ हातातलं वैरणीचं ओझं टाकून तिच्याकडे धावला. मागून पल्लवी ओरडली, पण त्याला ऐकूच येत नव्हतं. तिनं धावत जाऊन त्याचा शर्ट धरला आणि त्याला मागे ओढलं. दोघं चिखलात पडले. शर्ट पाठीवर टराटरा फाटला. तार हातभर अंतरावर होती.

करंट बंद झाल्यावर आम्ही जवळ जाऊन बघितलं. तारेच्या खालून माती उकरलेली, ओले खूर उमटलेले. डुकरं आरामात खालून गेली होती!

गजाननभाऊ फाटक्या शर्टानंच त्या माणसाच्या दारात गेला. तो माणूस म्हणतो, "मी डुकरासाठी लावला होता."

"डुक्कर खालून गेलं," गजाननभाऊ म्हणाला. "तुले मारायले माही गाय अन् मीच भेटलो का बे?"

त्या संध्याकाळी दुकानात तो बसला, पण चहाला हात लावला नाही. मग पल्लवी म्हणाली, "बाबा, मी धनुष्य घेऊन बसीन. ज्याले मारायचं त्याले पाहून मारू. न पाहता कोनाले नाही."

राशीदभाईनं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "डुकराले तर मी हात लावनार नाही बेटा. पन बानाचं पातं असं बनवून देतो की पाह्यतच राहशीन!"

*

आम्हाला वाटलं होतं, पोरगी लांबच्या टार्गेटवर पिवळ्या ठिपक्यात बाण मारते, तर एवढं मोठं डुक्कर म्हणजे डाव्या हाताचा मळ. आम्ही येडे!

टार्गेटला नाक नसतं. डुकराला नाकच नाक असतं. दिसतं कमी, पण वाऱ्यावर वास आला की संपलं. पल्लवीनं आम्हाला फर्मान काढलं: साबण नाही, तेल नाही, तंबाखू नाही. गजाननभाऊनं तंबाखू सोडली तेव्हा त्याच्या बायकोनं डुकरांचे आभार मानले.

एका संध्याकाळी सगळं जुळून आलं. वारा आमच्या तोंडावर. आम्ही हरभऱ्याच्या बांधाला पालथे पडलेलो. झुडपातून एक मोठा नर हळूच बाहेर आला, एक पाऊल टाकून थांबला, कान हलवले. पल्लवीनं बाण लावला. आणि नेमका वारा फिरला.

डुकरानं नाक वर केलं, एकदा फुर्रकन आवाज केला आणि गायब! पाठोपाठ झुडपात दहा-बारा डुकरं धडधडत गेली.

पल्लवीनं आमचा एकेकाचा वास घेतला. माझा नाही, बापाचा नाही. राशीदभाईपाशी थांबली. त्या दिवशी शुक्रवार होता. राशीदभाई नमाजहून सरळ शेतात आलेला, कानात गुलाबाच्या अत्तराचा फाया!

"चाचा," ती दात खाऊन म्हणाली, "तुमी शिकारीले आले का डुकराच्या वरातीत?"

*

मग निंबाच्या झाडावर माचाण बांधलं. वास वरून जातो, डुक्कर वर बघत नाही, असा हिशोब.

त्याच सुमारास पुण्याहून माझा साडू आला. पोहरादेवीला दर्शन घेऊन, प्रसादाची मोठी पिशवी घेऊन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मला सांगा, आपणच त्यांच्या घरात घुसलोय ना? निसर्गात प्रत्येकाचा वाटा असतो."

माझं डोकंच सटकलं. "त्याहीचं घर त्या नाल्यात आहे. तिथं मी कधी भेंडी तोडाले गेलो का?"

त्याला माचाण बघायचं होतं. सूर्य बुडायच्या आधी आम्ही वर चढलो. प्रसादाची पिशवी गाडीत ठेव म्हटलं, तर म्हणे, "कोण चोरतंय इथं?" आणि बुंध्याशी ठेवली.

जरा वेळानं खालून कचाकचा आवाज आला. बघतो तर एक डुक्कर पिशवी दोन्ही बाजूंनी फाडून साखरफुटाणे, पेढे, नारळ, सगळ्याचा फडशा पाडतंय. पल्लवी त्या दिवशी माचाणावर नव्हती, त्यामुळे ते आरामात जेवत होतं. मी साडूच्या कानात म्हटलं, "त्याचा वाटा आहे तो. खाऊ द्या."

तेवढ्यात डुकरानं पिशवीतून साडूचा मोबाइल काढला आणि दाढेखाली धरला.

"मारा!" साडू माचाणावर उभा राहून ओरडला. "मारा त्या हरामखोराला!"

*

एक संध्याकाळ अशी आली की मोठं डुक्कर माचाणाच्या अगदी खाली, मक्याच्या कडेला उभं होतं. उजेड चांगला. वारा पडलेला. पल्लवीनं दोरी पूर्ण ताणली. शेजारी गजाननभाऊ श्वास धरून बसलेला, मी खालच्या फांदीवर. बाण आता सुटेल, मग सुटेल.

सुटलाच नाही. तिचे हात कापायला लागले, आणि तिनं हळूच दोरी सैल केली. डुकरानं निवांत चार कणसं खाल्ली आणि ते निघून गेलं.

गजाननभाऊ माचाणावरच भडकला. "काहून नाही मारलं? हात भरून आले होते तं मले सांगायचं! डोळ्यासमोर माहा मका खाऊन राह्यलं अन् तू पाहून राह्यली!"

"आडवं उभं नव्हतं, बाबा. तोंड माह्याकडं होतं. समोरून कपाळाच्या हाडावर बान लागते. मरत नाही, जखमी होते."

"तं होऊ दे जखमी!"

"जखमी होऊन मक्यात घुसलं असतं. अन् उद्या सकाळी मक्यात कोन जानार होतं?"

सकाळी मक्यात गजाननभाऊची बायको जाणार होती. तीच, जी बारा महिने एक पाय ओढत चालते. पल्लवी लहान असताना कोणीतरी भाला मारून अर्धवट सोडलेलं डुक्कर तिच्या आईच्या अंगावर आलं होतं. मांडी फाडली होती. भाला कोणाचा, ते आजपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही.

खाली उतरताना गजाननभाऊनं पोरीचं धनुष्य आपल्या खांद्यावर घेतलं. घरापर्यंत कोणाकडेच दिलं नाही.

*

पुढं पुढं डुकरांनी पल्लवीचं टाइमटेबल पाठ केलं. ती माचाणावर असली की शिवार सुनसान. ती स्कूटीवर वाशीमला गेली की मागे डुकरांची जत्रा! स्कूटीचा आवाज ओळखायची. बांधावर स्कूटी आली की आत, रस्त्याला लागली की बाहेर.

राशीदभाई म्हणाला, "तं मग स्कूटी जाऊ द्या. पोरगी राहू द्या."

आता स्कूटी चालवणार कोण? गजाननभाऊला सायकलच्या पुढे काही येत नाही. राशीदभाई म्हणे, दुकान उघडं आहे. उरलो मी. पल्लवीचं म्हणणं, डुकराला लांबून नुसता आकार दिसतो, तो बदलायला नको. म्हणून तिनं स्वतःची ओढणी माझ्या डोक्याला, तोंडाला गुंडाळली. फक्त डोळे उघडे. भर दुपारी मी त्या अवतारात जऊळक्याच्या रस्त्याला लागलो. मिशीत घाम, मनात शिव्या.

चौकात गतिरोधकावर स्कूटी बंद पडली. किका मारता मारता ओढणी सुटली. आणि समोर चहाच्या टपरीवर कोण बसलेलं असावं? माझा सासरा!

त्यानं बशी खाली ठेवली. मला खालून वरपर्यंत बघितलं. "जावईबापू," तो म्हणाला, "पोरगी तं ठीक आहे ना आमची?"

इकडं मात्र डाव बरोबर बसला होता. स्कूटीचा आवाज लांब गेल्यावर नर बाहेर आला, मक्याच्या कडेनं चालला आणि एकदाचा आडवा उभा राहिला. एकच बाण. थोडं धावून जागेवर पडला. मी परत आलो तेव्हा पल्लवी त्याच्यापासून काही पावलांवर बसलेली होती. तिला आनंद झालाय असं काही तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. "दुखलं नसंन त्याले जास्त," एवढंच म्हणाली. वनखात्याची माणसं येईपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मका परत उकरलेला होता. त्या नराच्या बायका-पोरांनी!

*

आणि हे पंचनाम्याचं. पिकाचं नुकसान झालं की तपासायला वनखात्याचे साहेब येतात. आमच्याकडे आले ते नवीन होते. पांढरे बूट, काळा गॉगल, मान सतत मोबाइलमध्ये. गजाननभाऊनं आडवा झालेला मका दाखवला, मी उलटा झालेला भुईमूग दाखवला, खुरांचे ठसे दाखवले.

साहेब म्हणाले, "हे रानडुकराचंच नुकसान आहे कशावरून?"

गजाननभाऊच्या मानेची शीर उडायला लागली. "मंग कोनाचं आहे? माहं?"

"गावात पाळीव डुकरं असतात. मोकाट सोडलेली. पाळीव डुकराच्या नुकसानीचा पंचनामा माझ्याकडे येत नाही."

"साहेब, आमच्या गावात एक बी पाळीव डुक्कर नाही!"

"ते तुम्ही म्हणता. मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रानडुक्कर लिहिणार नाही."

पल्लवी सकाळपासून माचाणावर होती. वरूनच तिनं हाक मारली, "साहेब, मक्यात जाऊ नका. आत बसून आहेत."

साहेबांना वाटलं, पोरगी घाबरवून राहिली. ते फोटो काढत मक्यात शिरले. दहा पावलं गेले असतील. आतून एक हुंकार आला, ताटं कडाकडा मोडली आणि पिल्लंवाली डुकरीण सरळ साहेबांच्या अंगावर!

साहेब कसे पळाले ते मला सांगता येणार नाही. गॉगल एका सरीत, एक बूट दुसऱ्या सरीत. निंबाला शिडी होती, ती त्यांना दिसलीच नाही. बुंध्याला मिठी मारून ते वर चढले आणि माचाणावर पल्लवीच्या पायाशी जाऊन पडले. गजाननभाऊ आणि मी विहिरीच्या कठड्यावर. डुकरीण निंबाखाली येऊन थांबली. फुरफुरत, बुंध्याला अंग घासत. अगदी आडवी उभी!

"मार!" साहेब वरून किंचाळले. "अगं, बघत काय बसलीस? तुझ्याजवळ बाण आहे ना? मार लवकर!"

पल्लवीनं बाण काढला, बघितला आणि परत भात्यात ठेवून दिला.

"कसं मारू साहेब?" ती म्हणाली. "आमची परवानगी रानडुकराची आहे. हे पाळीव आहे म्हन्ता ना तुमी?"