डीव्हीडीवरचा दुसरा शेवट

खराडीच्या कंपनीत माझं काम टेस्टिंगचं होतं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचं तोंड वाकडं होईपर्यंत त्या दाखवत राहायचं. माझ्या स्वभावाला साजेसंच. डब्याच्या वेळी कालप्रवासाच्या सिनेमांवर वाद निघाला की मी कागद-पेन घेऊन बसे. हे सिनेमे सगळे रडके. माणूस भूतकाळात जातो, झालेलं निस्तरू बघतो आणि हात हलवत परत येतो. त्यातल्या एकाच्या डीव्हीडीवर दुसरा शेवटही होता. थिएटरातल्या शेवटात नायक बायकोचा अपघात टाळायला जातो आणि दोन मिनिटं उशिरा पोचतो. दुसऱ्यात तो वेळेवर पोचतो, ती वाचते, पण त्याला ओळखत नाही. पहिला शेवटच पटण्यासारखा, असं सगळ्यांचं मत. माझं मत दुसऱ्याला. न का ओळखेना, बाई जिवंत आहे ना.

मी एवढ्या हट्टाने का भांडत होते, ते ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

बाबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. आत काडेपेटी चालत नाही, तसा मोबाइलही नाही; तो गेटवर जमा करायचा. पहिल्या पगारातून मीच त्यांना मोबाइल घेऊन दिला होता आणि तो दिवसभर गेटवर झोपा काढतो म्हणून चिडवतही होते. एका शनिवारी, मला सुट्टी आणि त्यांना ड्यूटी असताना, आईच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकूंनी रिक्षा आणली. दवाखान्यात आई पाऊण तास शुद्धीवर होती आणि सारखी विचारत होती, "हे आले का?" मी मोबाइल लावत होते. रिंग वाजत होती, म्हणून पुन्हा लावत होते. बाबांच्या सेक्शनमधल्या टेलिफोनचा नंबर मला शाळेपासून पाठ. त्या पाऊण तासात तो एकदाही आठवला नाही. पाचला सुटल्यावर बाबांनी गेटवर मोबाइल हातात घेतला, तेव्हा त्यांना कळलं. ते पोचले तेव्हा आई गेली होती.

यावरून ते मला कधीही काही बोलले नाहीत. मला त्या न बोलण्याचीच भीती वाटायची.

वर्षभराने एका रविवारी दुपारी मी ती डीव्हीडी घरी लावली. बाबांनी पेपर बाजूला ठेवून दोन्ही शेवट पाहिले. एकदा रडून तुमचं भागत नाही वाटतं, म्हणाले. मी विचारलं, यातला बरोबर कुठला?

"दोन्ही चूक," ते म्हणाले. "त्याला वाटतंय, आपल्यामुळे झालं." मग टीव्हीकडेच बघत म्हणाले, "तू सेक्शनला फोन केला असतास तरी मी पोचलो नसतो. साहेबांची सही, पास, गेटवरची झडती, मग स्कूटर. तास जातो. मी घड्याळ लावून पाहिलंय."

मी चहा टाकायला उठले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. तपासनीस माणसाने मोजून सांगितलेलं. त्यानंतर मला नीट झोप लागायला लागली.

पुढच्या वर्षी त्याच काकू जिन्यात पडल्या. काका आता बदलून बाबांच्याच सेक्शनमध्ये आले होते. या वेळी मी नंबर विसरले नाही. काका वीस मिनिटांत दवाखान्यात हजर. इतक्या लवकर कसं सोडलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "अगं, असा फोन आला की आधी माणूस सोडतात, सही मागाहून. मी कारखान्यात लागलो तेव्हापासून हेच आहे."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, काका वीस मिनिटांत आले. ते चष्मा पुसत होते, पुसतच राहिले.

"अलीकडे बदललाय तो नियम," ते म्हणाले.

दारूगोळ्याची एकही पेटी खोटा शेरा मारून पुढे सोडली नाही, असं ते नोकरीबद्दल अभिमानाने सांगत. मी म्हटलं, "बदलला असेल," आणि पानं घेतली.