जबलपूर: आत्याला आणायला गेले, डबा पोचवून आले

भेडाघाटचे फोटो बघायला आला असाल तर आधीच सांगते, मी भेडाघाट पाहिलाच नाही. जबलपूरला तीन दिवस होते आणि ते एका खडूस माणसाच्या खिचडीत गेले.

निघाले होते आत्याला आणायला. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख नागपुरात मुश्किलीने मिळाली होती. नागपूरहून बसने सहा तास लागतात. रस्ता चांगला आहे. सिवनीला चहा घ्या, समोसा घेऊ नका. उतरल्यावर ई-रिक्षाने महाराजपूर, तिथे आत्याची कॉलनी.

आत्याने बॅग भरलीच नव्हती. "खालचे दुबेजी पडले, पाय मोडला. पोरगा बंगळुरूला. त्यांना टाकून कशी येऊ?"

दुबेजी म्हणजे तेच, ज्यांनी आत्याकडच्या घरप्रार्थनेतल्या गाण्यांचा त्रास होतो म्हणून कॉलनीभर बोंब मारली होती. आता आत्या दुखरे गुडघे घेऊन दिवसातून दोनदा जिना उतरते, डबा देते, आणि ते म्हणतात मीठ कमी आहे! ख्रिस्ती माणसाने मन मऊ ठेवायचं म्हणजे किती गिळायचं?

"काहून चिडून राहिली?" आत्या म्हणाली. "मला निवडायला भेटलं असतं तर मीबी दुसराच शेजारी घेतला असता."

दुसऱ्या संध्याकाळी तिच्याकडे घरप्रार्थना होती, चर्चची चार घरं जमली होती. शेवटी एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची असते, आणि तोंडावर बोलता येत नाही ते देवाला सांगायच्या निमित्ताने ऐकवायची खोडही आमच्यातच. माझी पाळी आली. "हे प्रभू, खालच्या दुबेजींना मिठाला नावं ठेवण्याआधी आत्याचे गुडघे दिसू दे, थोडी लाज दे." खिडकी उघडी होती. आमेन कोणीच म्हणालं नाही.

सकाळी डबा मलाच न्यावा लागला. दुबेजी पलंगावर, प्लास्टरखाली उशी.

"बिटिया, कल सब सुना. मराठी समझ लेते हैं हम. ठीक ही कहा." बराच वेळ डब्याच्या झाकणाशी झटत राहिले. "पैर का भी बोल देतीं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच उभ्या उभ्या, मराठीत, पायासाठी प्रार्थना केली. त्यांनी हात जोडले. मग खिचडी चाखून म्हणाले, "नमक आज भी कम है."

आत्या आली नाही. परतताना खव्याची जिलेबी घेतली. ती मात्र चुकवू नका. ऑपरेशनची तारीख गेली. नवरा वैतागला, मीही. दुबेजी चालायला लागले की येते, म्हणते आत्या. म्हणून मी रोज त्यांच्या पायासाठी प्रार्थना करते. निव्वळ स्वार्थ आहे, दयाबिया काही नाही, असं सगळ्यांना सांगतही होते. पण काल आत्याला फोन केला. दुबेजींचं प्लास्टर निघालं का, पाय ठणकतो का, जेवतात का, सगळं विचारलं आणि फोन ठेवला. आत्याचे गुडघे विचारायचे राहिलेच.