उभा स्क्रीन, डावा माउस

घड्याळ उजव्या हातात, कारण डावा हात कामाचा. समोरचा बोलू लागला की मांडीवर बोटं चालवायची. वाक्य संपलं की डावा हात हवेत झटकायचा, टाइपरायटरची दांडी ढकलल्यासारखा. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की आत जाऊन सांगून यायचं. गल्लीतल्या टायपिस्ट मावशीच्या या सवयी.

टाइपरायटरची रिबन कुठेच मिळेना, तेव्हा तिला टाइपिंगचं काम देणाऱ्या वकीलबाईंचा फोन आला. "मावशी, साक्षी आता कॉम्प्युटरवरच हव्यात. उद्या दुपारपर्यंत एक पान पाठवा. जमलं तर काम तुमचं. नाहीतर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मावशीने लगेच भाच्याला उठवलं. त्याच्याकडे कॉम्प्युटरचा जुना डबा पडून होता. स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस तेवढे घ्यायचे होते. दुकानात शिरताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पहिल्याच कीबोर्डवर तिने नाक मुरडलं. "हा मुका आहे."

"आवाज कशाला हवा, आजी?" दुकानदार म्हणाला.

"मावशी म्हण. चूक मला आधी ऐकू येते, मग दिसते."

त्याने मागच्या फळीवरून एक खडखडणारा काढला. मावशीने डोळे मिटले आणि बोटं सुसाट सुटली. ओळ संपली. डावा हात उडाला, शेजारचा स्क्रीन कलंडला. भाच्याने तो वरच्यावर झेलला.

"अगं मावशी, इथे ओळ आपोआप बदलते."

"मला कळलं रे. हाताला कोण सांगणार?"

दर ओळीला असं झालं तर काम गेलंच. ती हाताकडे बघत राहिली. मग तिने उजवीकडचा माउस ओढून डावीकडे ठेवला आणि पुन्हा सुरू झाली. ओळ संपली. हात उडाला आणि माउसवर आपटला. माउस घरंगळत गेला.

"याहून जाडजूड दाखव."

दुसरा हातभर सरकला. तिसरा जागचा हलला नाही.

"बसला हात," मावशी हसली. "बिचाऱ्याला धरायला काहीतरी हवं होतं."

"सगळे उजवीकडे ठेवतात," दुकानदार पुटपुटला.

"सगळ्यांचा डावा हात रिकामा असतो."

राहिला स्क्रीन. "हा तर खिडकीएवढा रुंद. मला पान हवंय," ती म्हणाली. भाच्याने एक स्क्रीन स्टँडवरच फिरवून उभा केला. वरपासून खालपर्यंत पांढरं पान. मावशीने खुर्ची पुढे ओढली.

"यावर सिनेमा नीट दिसणार नाही हं," दुकानदार म्हणाला.

"मला साक्षीदार बघायचेत. बांध."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पान गेलं. मग भाचा माउस शिकवायला बसला. स्क्रीनवरचं कागदाचं बारकं चित्र पकडायचं आणि ओढत नेऊन पिवळ्या फोल्डरवर सोडायचं. मावशी जीभ दातांत धरून ते ओढत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी, पान छान झालंय. उरलेल्या साक्षींचं रेकॉर्डिंग आत्ताच पाठवलंय. काम तुमचं."

मावशीने माउस सोडला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

"अगं, फोल्डरमध्ये तर टाक," भाचा म्हणाला.

"नंतर रे. आधी साक्षीदाराला बोलू दे."

चित्र अर्ध्या वाटेवरच राहिलं.